रिझर्व्ह बँक नक्की कोणाची?

सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत एवढं मोठं काही लिहायची ही माझी पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात. होस्टेलमध्ये मला सगळे 'कॉन्व्हेंट' म्हणूनच हाक मारतात, तेव्हा ही सूट मला मिळायला हरकत नाही.

विषय जरा जड आहे: टॅक्स आणि सेंट्रल बँक. पण त्याची सुरुवात झाली आमच्या रूममध्ये, सबमिशनच्या आदल्या रात्री. बाहेर कर्जतचा पाऊस, आणि आमच्या एका डे-स्कॉलर मित्राची शेवटची खोपोली लोकल चुकलेली. हा केळवलीला उतरतो, म्हणून त्याचं नाव केळवली. मुक्काम पडला म्हणून कोणीतरी हार्ड डिस्कमधली एक जुनी डॉक्युमेंटरी लावली, 'अमेरिका : फ्रीडम टू फॅसिझम'. २००६ सालची. दिग्दर्शक एरन रुसो, ज्याने त्याआधी 'ट्रेडिंग प्लेसेस'सारखे हिंदी मॅचइतके गाजलेले सिनेमे प्रोड्यूस केले होते. २००७ मध्ये तो वारला.

फिल्म संपली आणि वाद सुरू झाला. रात्री अडीचला रेक्टर सर दार वाजवायला आले तेव्हा केळवली पलंगावर उभा राहून सांगत होता, "सगळ्या सेंट्रल बँका चोर आहेत, आपली रिझर्व्ह बँकसुद्धा!" मी म्हणालो, "तू फिल्म बघून बोलतोस, कायदा वाचलायस का?" तो गप्प झाला आणि पुढचे चार दिवस माझ्याशी बोललाच नाही. त्या चार दिवसांत मी लायब्ररीत बसून जे वाचलं ते इथे मांडतोय. तो का चिडला होता ते मला नंतर कळलं, तेही सांगतो.

फिल्म म्हणते तरी काय?

मुख्य दावे तीन. एक, अमेरिकेत सामान्य माणसाने इन्कम टॅक्स भरावा असा कायदाच नाही. दोन, ज्या १६ व्या घटनादुरुस्तीवर हा टॅक्स उभा आहे ती १९१३ मध्ये नीट मंजूरच झाली नाही. तीन, फेडरल रिझर्व्ह म्हणजे त्यांची सेंट्रल बँक ही सरकारी नाहीच, ती खाजगी बँकवाल्यांची आहे आणि ती हवेतून पैसा काढून देशाला व्याजाने देते.

ऐकताना अंगावर काटा येतो, हे मान्य. पण एकेक करून तपासू.

पहिला दावा सरळ चूक आहे. अमेरिकेच्या इंटर्नल रेव्हेन्यू कोडच्या पहिल्याच कलमात उत्पन्नावर टॅक्स लावलेला आहे आणि रिटर्न कोणी भरायचं त्याचं कलम वेगळं आहे. मग फिल्ममध्ये ज्युरीने टॅक्स न भरणाऱ्याला निर्दोष कसं सोडलं? त्याचं कारण असं की तिथे हा गुन्हा सिद्ध करायला 'जाणूनबुजून केलं' हे दाखवावं लागतं. ज्युरीला तेवढं पटलं नाही तर माणूस सुटतो. पण तो तुरुंगातून सुटतो, टॅक्समधून नाही. बाकी वसूल होतेच.

दुसरा दावा थोडा मजेशीर आहे. १८९५ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने त्याआधीच्या वर्षीचा इन्कम टॅक्स रद्द केला होता, म्हणून घटनादुरुस्ती करावी लागली. ती मंजूर करताना काही राज्यांच्या ठरावांत स्पेलिंगचे आणि कॅपिटल अक्षरांचे फरक राहिले. त्यावरून 'मंजुरीच खोटी' असा युक्तिवाद केला जातो. कोर्टांनी तो फेटाळलाय. १९१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा टॅक्स वैध ठरवला. व्हायव्हात स्पेलिंग चुकलं म्हणून डिग्री रद्द होत नाही, तसंच हे.

आमच्यातल्या एकाने मध्येच माहिती काढली, की रुसोवरच टॅक्सची मोठी थकबाकी असल्याचं तेव्हा पेपरात आलं होतं. रूममध्ये सगळे हसले. पण मला वाटतं, यावरून वाद संपत नाही. माणूस कसा आहे यावरून त्याचं म्हणणं खरं की खोटं ते ठरत नाही.

"पण आपण कुठे टॅक्स भरतो?"

हे वाक्य त्या रात्री तिघांनी म्हटलं. आपण विद्यार्थी, कमाई शून्य, टॅक्सशी काय संबंध? तर तुमच्या मोबाईलचा रिचार्ज घ्या. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ११८ रुपयांच्या रिचार्जमध्ये १८ रुपये टॅक्स. हा टॅक्स उद्योगपतीचा मुलगाही तेवढाच भरतो आणि केळवलीही तेवढाच. ह्याला अप्रत्यक्ष कर म्हणतात. इन्कम टॅक्स प्रत्यक्ष कर, आणि तो उत्पन्न वाढेल तसा वाढतो. आता विचार करा, इन्कम टॅक्स रद्द झाला तर सरकार पैसे कुठून आणणार? रिचार्जवरूनच. फिल्ममध्ये हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आपल्याकडे कायदा आहे की नाही हा प्रश्नही उरत नाही. घटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही. म्हणजे "कायदा दाखवा" असं विचारायचा हक्क आपल्याला घटनेनेच दिलाय, आणि कायदा दाखवायची सोयही आहे: १९६१ चा आयकर कायदा, आणि त्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासूनचा २०२५ चा नवा कायदा.

एक गोष्ट मात्र मला नवीनच कळली. भारतात इन्कम टॅक्स आणणारा माणूस आणि सरकारी कागदी नोटांची योजना मांडणारा माणूस एकच, जेम्स विल्सन. १८५७ च्या उठावात कंपनी सरकारचा खजिना रिकामा झाला होता, तो भरायला १८६० मध्ये टॅक्स आला. १८६१ मध्ये नोटांचा कायदा झाला. त्याआधी मुंबईत बँक ऑफ बॉम्बेसारख्या बँका स्वतःच्या नोटा काढत. म्हणजे टॅक्स आणि नोट ही जोडी आपल्याकडेही जवळजवळ जुळीच जन्मली.

फेड खाजगी, मग रिझर्व्ह बँक?

तिसऱ्या दाव्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तोच जास्त फसवतो. फेडरल रिझर्व्हच्या १२ प्रादेशिक बँका आहेत आणि त्यांचे शेअर्स खरोखरच सदस्य बँकांकडे असतात. पण ते शेअर विकता येत नाहीत, त्यावरचा लाभांश कायद्याने बांधलेला आहे आणि उरलेला नफा सरकारच्या तिजोरीत जातो. वरच्या सात गव्हर्नरांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि सिनेट मान्यता देते. थोडक्यात, शेअर बँकांचे, पण लगाम बराचसा सरकारचा.

आता गंमत. हाच वाद आपल्याकडे अमेरिकेपेक्षा जोरात झालाय. १९२५ मध्ये रुपयाच्या चौकशीसाठी हिल्टन यंग कमिशन आलं. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ मध्येच प्रसिद्ध केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यापुढे साक्ष दिली. चलन किती काढायचं हे कोणाच्या मर्जीवर न सोडता त्याला कायद्याची मर्यादा असावी, असा त्यांचा आग्रह होता. कमिशनने सेंट्रल बँकेची शिफारस केली आणि १९२७ मध्ये बिल आलं. ते कशावर अडकलं माहीत आहे? बँक शेअरहोल्डरांची असावी की सरकारची, आणि तिच्या बोर्डावर कोण असावं, यावरच! शेवटी ते बिल बारगळलं.

पुढे १९३४ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली ती शेअरहोल्डरांची बँक म्हणूनच. भांडवल ५ कोटी, शेअर १०० रुपयांचा. म्हणजे केळवली म्हणतो तशी आपली रिझर्व्ह बँक 'खाजगी' होती, पण १४ वर्षं. १ जानेवारी १९४९ ला तिचं राष्ट्रीयीकरण झालं आणि आज ती पूर्णपणे केंद्र सरकारच्या मालकीची आहे.

आणि त्या दिवशी गव्हर्नरच्या खुर्चीत कोण होतं? आपल्या रायगडचा माणूस! चिंतामणराव देशमुख, जन्म १८९६, महाडजवळचं नाते गाव. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९४४ ला ब्रेटन वूड्सच्या परिषदेला गेले, पुढे देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले. ज्या बँकेला आम्ही रात्री अडीचला शिव्या घालत होतो तिच्या नोटांवर आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाची सही होती, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

आता नफा कुठे जातो? केंद्र सरकारकडे. २०२४-२५ या वर्षासाठी रिझर्व्ह बँकेने सरकारला २,६८,५९० कोटी रुपये दिले. म्हणजे 'खाजगी मालक व्याज खातात' हे आपल्या बाबतीत तरी लागू होत नाही.

हवेतला पैसा आणि मेसचं कूपन

बँका हवेतून पैसा काढतात का? आमच्या मेसवरून सांगतो. समजा मेसवाले काका पोह्यांची कूपनं विकतात. १०० कूपनं विकली, पण त्यांना अनुभवाने माहीत आहे की एका दिवशी ७० च मुलं येतात. मग ते आणखी २० कूपनं उधारीवर देतात. ती मुलं ती कूपनं झेरॉक्सवाल्याला देतात, झेरॉक्सवाला घेतो, कारण त्यालाही पोहे खायचेत. झाला पैसा तयार! बँकेचं कर्ज असंच असतं. कर्ज दिलं की ठेव जन्माला येते. ह्यात चोरी नाही, भरवसा आहे.

पण एकाच सकाळी सगळे आले तर? म्हणून रेक्टर सरांनी नियम करावा की काही पोहे नेहमी बाजूला ठेवायचे. काका प्रामाणिक असून कमी पडले तर सरांनी तात्पुरते पोहे उसने द्यावेत. आणि काकांनी कूपनं आपल्याच मेव्हण्याला फुकट वाटली असतील, तर ते सरांनी तपासणीत पकडावं. रिझर्व्ह बँकेची कामं ढोबळमानाने हीच: राखीव ठेवायला लावणं, अडचणीत उसनं देणं आणि तपासणी करणं.

आजोबांचं पासबुक

हे सगळं वाचून पाचव्या दिवशी मी केळवलीला गाठलं. कूपनचं उदाहरण त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शनिवारी घरी चल."

त्याचं गाव स्टेशनपासून चालत वीस मिनिटं. रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीचे आणि विकलेल्या म्हशींचे मिळून आजोबांनी एका सहकारी बँकेत ३ लाख ४० हजार ठेवले होते. आम्ही शाळेत असताना एका सकाळी शटरवर कागद लागला: रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने व्यवहार बंद. तेव्हा ठेवीला विमा होता १ लाखाचाच, १९९३ पासून तेवढाच. तो १ लाख मिळाला, तोही खूप उशिरा. बाकी पासबुकात आहे.

आजोबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते पासबुक काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "भिंतीवर रिझर्व्ह बँकेचा कागद लावला व्हता रं बाला. तो बघूनच पैसे ठेवले. आतलं कोणी दावलंच नाय."

मी फेडचे शेअर, १९२७ चं बिल, सगळं विसरलो. लायब्ररीतलं कुठलंच उत्तर तिथे कामाला आलं नाही.

४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा ५ लाख झाली. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि बँकेवर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायचं बंधन आलं. हे आधी झालं असतं तर आजोबांचे सगळे पैसे परत आले असते. आणि "आतलं कोणी दावलं नाय" याबद्दल: बँकांच्या तपासणीची माहिती लोकांना द्यायची नाही, बँका ती आमच्याकडे विश्वासाने देतात, असं रिझर्व्ह बँक म्हणत होती. १६ डिसेंबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते नाकारलं. गुजरातमधल्या एका सहकारी बँकेबद्दल केलेला माहितीच्या अधिकाराचा साधा अर्जही त्या प्रकरणात होता. रिझर्व्ह बँकेची बांधिलकी बँकांशी नाही, जनतेशी आहे, असा त्याचा अर्थ. त्यानंतरही ही माहिती किती द्यायची यावर वाद चालूच राहिला.

म्हणून माझा निष्कर्ष असा. फिल्मची उत्तरं चुकीची आहेत, पण केळवलीचा राग चुकीचा नव्हता. रिझर्व्ह बँकेचा मालक कोण हे एका ओळीत सांगता येतं. तिला काय माहीत असतं आणि ते आपल्याला कधी कळतं, हा खरा प्रश्न. १९४९ ला मालक बदलला, तरी तो प्रश्न सुटला नव्हता.

जाता जाता दोन कामं सांगतो. घरी फोन कराल तेव्हा आई-बाबांना विचारा, आपली ठेव कुठल्या बँकेत आहे आणि त्या बँकेला ठेव विमा आहे का. एका बँकेत एका माणसाच्या नावे मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांवर असेल तर वरची रक्कम विम्याबाहेर जाते, हेही सांगा. पतपेढीला तर हा विमा लागूच नाही. आणि दुसरं, वादात समोरचा चिडला तर कायदा वाचलायस का असं विचारण्याआधी तो का चिडलाय ते विचारा. ही चूक मी केली होती.

केळवली आता बोलतो माझ्याशी. परवा कर्जत स्टेशनवर वडापावचे पैसे देताना दहाची नोट माझ्यासमोर धरून म्हणाला, "वाच, कॉन्व्हेंट, काय वचन दिलंय ते." मी वाचलं. मग वडापाव मात्र त्यानेच खाल्ला.