लाईट आली आणि टी.व्ही. गेला



विहिरीवरच्या मोटारीचा एक फेज गेला की स्टार्टर पडतो आणि मोटार वाचते, हे आपणा ऊसवाल्यांना सांगायला नको. (स्टार्टरला काडी लावून मोटार दामटणारेही आपल्यात आहेत, त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी.) घरातल्या टी.व्ही.-फ्रीजला मात्र असा राखणदार नसतो.

माझी थोरली बहीण महाडजवळ दासगावला दिली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, जिल्हाभर विजेचे खांब आडवे झाले. बऱ्याच दिवसांनी लाईट आली आणि घटकाभरात टी.व्ही. व फ्रीजचे कार्ड दोन्ही गेले. मी कारखान्याच्या विद्युत विभागातला म्हणून दाजींनी फोन केला. म्हणाले, "वीज कडाडली नाही, काही नाही. आमचा बल्ब भगभगीत पेटला आणि शेजाऱ्यांचा मिणमिणत होता."

एवढ्यावरूनच दुखणे कळले. न्यूट्रल तुटला होता.

डीपीवरून गावात तीन फेज व एक न्यूट्रल येतो. फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये सुमारे ४०० असतात. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट दोघांत वाटले जातात. वाटणी सारखी नसते. ज्या घरात इस्त्री-हीटर चालू, तिथे दाब कमी. जिथे नुसता टी.व्ही. आणि एखादा दिवा, तिथे तीनशेच्याही वर. म्हणजे कमी वीज वापरणाऱ्याचेच नुकसान! दिवे असे कमीजास्त होताना दिसले की विचार करीत बसू नये, मेन स्विच खाली ओढावा आणि वायरमनला बोलवावे. काहीजण अशा वेळी आर्थिंगलाच न्यूट्रल जोडून घेतात. तसे कदापि करू नये, फ्रीजला हात लावताच झटका बसायचा.

"आमच्याकडे एम.सी.बी. आहे," असे दाजी म्हणाले. एम.सी.बी. जादा प्रवाह ओळखते, जादा दाब नव्हे. या दुखण्यावर औषध म्हणजे जादा दाब येताच पुरवठा तोडणारा ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर. तो थोडा वेळ थांबून पुरवठा जोडतो, तेही फ्रीजच्या कॉम्प्रेसरला सोयीचेच.

आकाशातल्या विजेचे प्रकरण निराळे. दूर कुठे तारेवर वीज पडली तरी क्षणभर हजारो व्होल्टचा लोंढा घरात येतो. तो सर्ज प्रोटेक्टर जमिनीत उतरवतो. पण घरची आर्थिंगच नसेल तर उतरवणार कुठे? आणि हा लोंढा डिशच्या केबलमधूनही येतो. म्हणून वळवाचे ढग दिसताच प्लग आणि केबल दोन्ही काढावे. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र वायरींना हात लावू नये.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाड-दासगाव भागात पाणी शिरले. असा भिजलेला बोर्ड वरून सुकला म्हणून चालू करू नये, आधी वायरमनकडून तपासून घ्यावा.

आर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की निम्मे काम थांबते. दाजींनी खड्डा नव्याने कोळसा-मीठ घालून भरून घेतला आहे. एप्रिल-मेमध्ये बहीण तुळशीला पाणी घालून झाले की एक कळशी तिथेही ओतते.