छपरावरचे ऊन आणि बिलाचा कागद

घरावर सौर संच बसवावा की नाही, हा निर्णय वरकरणी ऊन, छप्पर आणि ऐपत यांवर अवलंबून असल्याचे दिसते. वस्तुतः तो वीजबिलाच्या नियमांवर अधिक अवलंबून असतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पंतप्रधान सूर्यघर' योजना सुरू केली, एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आणि तीन किलोवॉटच्या संचास ७८ हजार रुपयांचे अनुदान देऊ केले. परंतु अनुदान एकदाच मिळते. बिल मात्र दरमहा येते.

वीज दुपारी तयार होते आणि नोकरदाराच्या घरात दिवे लागतात ते सायंकाळी. हा मेळ 'नेट मीटरिंग' घालून देते. दुपारी वीजजाळ्यात सोडलेले युनिट रात्री घेतलेल्या युनिटांतून वजा होते आणि उरलेल्या फरकाचेच पैसे भरावे लागतात. सोडलेल्या युनिटास घेतलेल्या युनिटाइतकीच किंमत, हा या व्यवस्थेचा आधार होय. तो काढून घेतला की संचाची किंमत वसूल होण्याचा काळ लांबतो आणि कर्ज काढणारा कुटुंबप्रमुख मागे फिरतो.

अमेरिकेतील नेवाडा राज्याने हा अनुभव घेतला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये तेथील आयोगाने सोडलेल्या विजेचे मोल घटविले आणि स्थिर आकार टप्प्याटप्प्याने सुमारे तिप्पट करण्याचे ठरविले. तेही आधीच संच बसविलेल्यांसह सर्वांना! प्रमुख सौर कंपन्यांनी राज्यातील नवे काम थांबविले. अखेरीस २०१६ मध्ये जुन्या ग्राहकांना जुने नियम परत द्यावे लागले आणि २०१७ मध्ये विधिमंडळाला नवा कायदा करावा लागला. कॅलिफोर्नियानेही एप्रिल २०२३ पासून हे मोल सुमारे तीन चतुर्थांशाने कमी केले. मात्र मुदतीपूर्वी अर्ज केलेल्यांना जुन्या अटी राखून दिल्या.

वीज कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. खांब, तारा आणि रोहित्रे यांचा खर्च कुणीतरी सोसलाच पाहिजे. छप्परवाल्याने तो टाळला, तर त्याचा भार भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यावर पडतो. शिवाय आपल्याकडे दर टप्प्याटप्प्याने चढतात. म्हणून मोठे बिल भरणाऱ्याचा लाभ मोठा, तर शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्याची बचत तुटपुंजी. ज्याला खरी गरज, त्यालाच आकर्षण कमी, असा हा विपर्यास आहे.

तेव्हा नियम कधी बदलूच नयेत, असे कोणी म्हणणार नाही. पण बदल पुढच्या ग्राहकांसाठी असावा आणि पुरेशी पूर्वसूचना देऊन व्हावा. ज्याने शासनाच्या शब्दावर कर्ज काढले, त्याचा हिशेब मध्येच मोडू नये. ज्यांना स्वतःचे छप्पर नाही, त्यांना सामायिक संचातील वाटा आपल्या बिलात वळता करून घेता यावा. दिल्लीत २०१९ पासून अशी तरतूद आहे. सूर्य कुणाशी करार करीत नाही. शासन करते, आणि तो पाळण्याची जबाबदारीही शासनाचीच आहे.