पातेले एकच!

घरात लहान मुले असली, की गृहिणीचा दिवस ओट्याशीच सरतो. एकदा मुलांचा मऊ भात, एकदा मोठ्यांचा स्वयंपाक! माझ्याकडे पातेले एकच. वरण शिजले, की मीठ-तिखट घालण्यापूर्वी धाकट्याचा वाटा काढून ठेवते. 6 महिन्यांनंतर आईच्या दुधाच्या जोडीला वरचे अन्न हवेच. वर्षाचे मूल तर घरचेच जेवण मऊ करून खाते. आठवड्याचा बेत मी रविवारीच पाटीवर लिहिते. त्यात नाचणी हटकून असते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम! पालेभाजीवर लिंबू पिळावे. तिच्यातले लोह अंगी लागते. रात्री सारे एका पंगतीला बसतो आणि वाचलेल्या वेळात मुलांना गोष्टही सांगून होते. भगिनींनो, आठवडाभर करून पाहाच!