उपासनेआधीची उपासना

देव भेटावा म्हणून ख्रिस्ती मंडळी रविवारी जमते. त्या भेटीची तयारी मात्र मंडळीलाच करावी लागते, आणि ती एकट्याने होत नाही.

रविवारी सकाळी चर्चची घंटा होते तेव्हा निम्मे लोक अजून आवारातच असतात. कोणी गाडी लावत असतं, कोणी मुलाच्या बुटाची नाडी बांधत असतं. आत गायकवृंदाचं माइक तपासणं चालू असतं. पाच मिनिटांत हीच माणसं एका सुरात देवाची स्तुती करायला उभी राहणार असतात. शरीराने ती येऊन पोचलेली असतात, पण मनात घरचा वाद, सोमवारची कामं आणि मोबाइलवर नुकताच वाचलेला मेसेज असतो. या माणसांना देवाच्या सान्निध्याची जाणीव व्हावी यासाठी काय करायचं, हा पाळकांपुढचा आणि धर्मगुरूंपुढचा फार जुना प्रश्न आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देवाला हजर करावं लागत नाही. दोघे-तिघे आपल्या नावाने जमतील तिथे आपण असू, असं वचन येशूने दिल्याचं मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. ख्रिस्त कुठे कुठे उपस्थित असतो हे सांगताना त्यात ख्रिस्तप्रसाद, धर्मगुरू आणि वाचलं जाणारं वचन यांच्याबरोबर प्रार्थना करणाऱ्या, गाणाऱ्या समुदायाचाही उल्लेख आहे. याचा अर्थ, बाकावर शेजारी बसलेला माणूस हा देवभेटीतला अडथळा नसून त्या भेटीचाच भाग आहे. म्हणून तयारी म्हणजे जमलेल्या गर्दीची मंडळी होणं.

चढणीवरची गाणी

बायबलमध्ये या तयारीचा एक सुंदर नमुना आहे. स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा छोटी स्तोत्रं यरुशलेमच्या मंदिराकडे चढून जाणारे यात्रेकरू गात असत, असं मानलं जातं. दर्शनाची तयारी वाटेतच होते, हे वारकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. या गाण्यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. पहिल्याच गाण्यात तक्रार आहे: खोटं बोलणाऱ्यांचा जाच, शांतता नको असलेल्यांचा शेजार. मग डोंगरांकडे लागलेली नजर येते, नंतर यरुशलेमच्या वेशी. शेवटून दुसऱ्या गाण्यात भावंडांनी एकोप्याने राहण्यातलं सुख आहे, आणि त्यानंतरच्या गाण्यात यात्रेकरू परमेश्वराच्या घरात रात्री उभ्या असलेल्या सेवकांपाशी पोचतात. मनातली कटकट दाराबाहेर ठेवून या, असं ही गाणी सांगत नाहीत. ती कटकट देवापुढे मांडत मांडत चालायला शिकवतात, आणि एकोप्याचा टप्पा आल्यावरच घरात नेतात.

येशूने हीच गोष्ट अधिक रोखठोक सांगितली. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. बांधावरून चुलत्यांशी अबोला किंवा पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीत दुरावलेली दोन घरं आपल्याकडच्या मंडळ्यांनाही नवीन नाहीत. उत्तम वाद्यवृंद आणि सजवलेली वेदी तिथे पुरी पडत नाही. पाळकाने शुक्रवारी संध्याकाळी त्या दोन घरी जाऊन प्यायलेला चहा रविवारच्या उपासनेच्या जास्त कामी येतो.

काही क्षणांची शांतता

कॅथलिक ख्रिस्तयागाचा, म्हणजे मिस्साचा, सुरुवातीचा भाग याच हेतूने रचलेला आहे. प्रवेशगीताने सगळ्यांचा आवाज एक होतो. मग सर्वांनी मिळून पापांची कबुली द्यायची, छातीवर हात मारून, स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने म्हणत. त्यानंतर धर्मगुरू ‘आपण प्रार्थना करू या’ असं म्हणून थांबतात. मिस्साच्या नियमावलीत या थांबण्याचं कारण दिलेलं आहे: आपण देवासमोर आहोत याचं भान प्रत्येकाला यावं आणि आपलं मागणं मनात मांडता यावं. त्या शांततेत कोणी आजारी आईसाठी मागतं, कोणी मुलाच्या नोकरीसाठी. मग धर्मगुरू सगळ्यांच्या वतीने मोठ्याने प्रार्थना म्हणतात आणि लोक ‘आमेन’ म्हणून ती आपली करतात. प्रत्यक्षात कितीदा तरी हे थांबणं एका श्वासात उरकलं जातं. तसं झालं की मागणी गोळा होण्याआधीच प्रार्थना सुरू होते आणि लोक श्रोते होऊन बसतात. हीच नियमावली मिस्सा सुरू होण्याआधीही चर्चमध्ये शांतता पाळावी, असं सुचवते.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांना गाण्याने घडवलं. मिशनरी काळात पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरित गीतं गायली जात, आणि ती खेड्यातल्या माणसाच्या गळ्यात बसत नसत. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाची भजनं लिहिली. ज्या लयीत बाई दळताना गात होती, त्याच लयीत तिला ख्रिस्ताशी बोलता येऊ लागलं. टिळकांची ती गीतं ‘उपासना संगीत’मधून आजही गायली जातात.

केडगावचे सहा महिने

तयारी किती लांबवर जाऊ शकते, हे पुणे जिल्ह्यातल्या केडगावने दाखवलं. १९०५च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये रोजच्या प्रार्थनेसाठी कोण पुढे येतंय, असं विचारलं. सुमारे सत्तर जणी तयार झाल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. यातल्या कितीतरी जणी बालविधवा होत्या, दुष्काळात आसरा मिळालेल्या होत्या. जूनअखेरीस तिथे ख्रिस्ती इतिहासात नोंदलेलं संजीवन सुरू झालं. मुली रडत होत्या, पापांची कबुली देत होत्या, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या. पुढे त्यांच्या तुकड्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेल्या. त्या सहा महिन्यांमुळे देव यायला बांधला गेला, असं कुणीच ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही. मात्र तो आला तेव्हा शेकडो जणी जाग्या होत्या.

या तयारीला एक धोकाही आहे. स्कॉटलंडच्या मंडळ्यांमध्ये प्रभुभोजन हा कित्येक दिवसांचा सोहळा असे: गुरुवारी उपवास, शनिवारी तयारीची उपासना, रविवारी भोजन, सोमवारी उपकारस्तुती. ज्यांचं ज्ञान आणि वर्तन वडीलमंडळाला पटे, त्यांना धातूचा छोटा बिल्ला मिळे, आणि तो दिल्याशिवाय मेजावर बसता येत नसे. त्यामागचं गांभीर्य खरं होतं. पण आत्मपरीक्षणाची अशी तपासणी झाली की ज्याला देवाची सर्वांत जास्त गरज आहे, तोच बाहेर राहतो.

आत्मपरीक्षण करा, हे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. पण त्याने ते का लिहिलं, ते विसरून चालणार नाही. तिथे सुखवस्तू लोक आधी येऊन जेवत, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. म्हणून तो उतारा संपवताना पौलाने एक साधा उपाय दिला: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

मंडळी तयार करू पाहणाऱ्याला यातून पुष्कळ मिळतं. रविवारचा शास्त्रपाठ चार दिवस आधी घरोघरी पोचवा. वाचणाऱ्याला तो मोठ्याने वाचून पाहू द्या. गाण्याची पट्टी मागच्या बाकावरच्या आजीला झेपेल अशी ठेवा. ‘प्रार्थना करू या’ म्हटल्यावर खरोखर थांबा. आणि घंटा झाल्यावर, पहिलं गाणं सुरू करण्याआधी, बाकांवरून एकदा नजर फिरवून बघा की कोण आलेलं नाही, आणि ते आपल्यामुळे तर नाही ना. त्या माणसाच्या घरी जाणं हीसुद्धा उपासनाच आहे, आणि पुढच्या रविवारची तयारी तिथूनच सुरू होते.