विमान धावपट्टीवर थांबत का नाही?

सुरतेत बर्फ पडत नाही. तरीही ३० जून २०१९ रोजी भोपाळहून आलेले स्पाइसजेटचे क्यू-४०० विमान भर पावसात इथे उतरले आणि धावपट्टी संपली तरी थांबले नाही. कुणाला इजा झाली नाही. दुसऱ्याच रात्री मुंबईत जयपूरहून आलेल्या बोइंगचीही तीच गत झाली आणि मुंबईची मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. या प्रकाराला ओव्हररन म्हणतात, म्हणजे धावपट्टीचे टोक ओलांडून पुढे जाणे.

थंड देशांत हिवाळा आला की ही धास्ती वाढते. ७ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे कॅनडातल्या हॅलिफॅक्सला स्कायलीज कार्गोचे बोइंग ७४७ मालवाहू विमान चीनसाठी जिवंत शेवंड भरायला आले होते. ते ओल्या धावपट्टीच्या टोकापासून १६६ मीटर पुढे जाऊन थांबले. माणसे वाचली, विमान भंगारात गेले. तिथे काय चुकले ते ओघाने येईलच.

उतरण्याआधी वैमानिकाला धावपट्टीची खबर मिळते. २०२१ पासून जगभर त्यासाठी ६ ते ० असे गुण दिले जातात. कोरडी असेल तर ६, नुसती ओली असेल तर ५, वर पाणी असलेल्या बर्फाला ०. आता गंमत पाहा: दाबून घट्ट झालेल्या बर्फाला कडाक्याच्या थंडीत ४ गुण मिळतात आणि ३ मिलिमीटरहून जास्त साचलेल्या पाण्याला फक्त २. म्हणजे आपला आषाढातला पाऊस कॅनडातल्या बर्फापेक्षा निसरडा ठरू शकतो. शिवाय पाऊस मिनिटामिनिटाला बदलतो, त्यामुळे मिळालेली खबर शिळी असू शकते. पहिली गफलत इथेच होते.

मग वारा. विमान शक्यतो समोरच्या वाऱ्यात उतरवतात, कारण त्यामुळे जमिनीच्या हिशेबाने वेग कमी राहतो. ताशी २५० किलोमीटरने येणाऱ्या विमानाला ताशी १८ किलोमीटरचा वारा समोरून न मिळता मागून मिळाला, तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते. हॅलिफॅक्सला वारा मागूनच होता आणि ते वैमानिकांच्या लक्षात आले तेव्हा उतरायला दीडेक मिनिट उरले होते.

यानंतर चाके नेमकी कुठे टेकतात ते महत्त्वाचे. त्या वेगाला विमान सेकंदाला जवळजवळ ७० मीटर जाते. अलगद उतरवायच्या नादात ते पाच सेकंद जास्त तरंगले, तर साडेतीनशे मीटर हातचे गेले. सुरतची धावपट्टी २,९०५ मीटरची आहे खरी, पण वेसूकडच्या उंच इमारतींमुळे त्या बाजूने येणाऱ्या विमानाला सगळी लांबी वापरता येत नाही. कागदावरची लांबी आणि हाती असलेली लांबी वेगळी, हे आपण ध्यानात ठेवावे.

चाके टेकली की पंखांवरच्या फळ्या उभ्या राहतात. पंखालगतच्या खिडकीपाशी बसलात तर आपल्याला त्या स्पष्ट दिसतील. त्यांना स्पॉयलर म्हणतात. त्या पंखाची उचल मोडतात आणि विमानाचा भार चाकांवर टाकतात. चाकांवर भार नसेल तर ब्रेक कितीही दाबा, उपयोग नाही. हॅलिफॅक्सला विमान टेकल्यानंतर चारपैकी एका इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा चुकून पुढे सरकला. यंत्रणेने ही पुन्हा उडण्याची तयारी समजली, फळ्या मिटल्या आणि आपोआप लागणारे ब्रेकही सुटले. आडव्या वाऱ्याने विमान बाजूला सरकत होते. लक्ष तिकडे लागल्यामुळे हे वेळेत ध्यानात आले नाही.

शेवटचा शत्रू म्हणजे पाण्याचा थर. वेग जास्त आणि पाणी पुरेसे असेल तर टायर जमिनीला टेकतच नाही, पाण्यावरून घसरत जातो. पावसात भरधाव स्कूटर हातातून निसटते ना, तसेच. यालाच हायड्रोप्लेनिंग म्हणतात. टायरमध्ये हवेचा दाब जितका जास्त, तितक्या जास्त वेगाला हे सुरू होते. दर चौरस इंचाला २०० पौंड दाबाच्या विमानी टायरसाठी तो वेग ताशी सुमारे २३५ किलोमीटर धरतात. पाणी लवकर वाहून जावे म्हणून धावपट्टीवर आडव्या खाचा पाडतात. पण टेकणाऱ्या टायरचे रबर तिथेच चिकटत जाते आणि खाचा बुजतात. ते वेळच्या वेळी खरवडून काढणे हे विमानतळाचे काम; माझ्या मते यात पावसाळ्याआधी कसूर करणे म्हणजे संकटाला आवतण देणे.

इतके करूनही विमान पुढे गेलेच, तर टोकापलीकडे मोकळी, सपाट जमीन हवी. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ती किमान ९० मीटर असावी लागते. शिफारस मात्र २४० मीटरची आहे. शहराने वेढलेल्या विमानतळांची अडचण नेमकी इथेच होते.

तेव्हा पावसाळ्यात आपले विमान जरा धपकन टेकले, तर वैमानिकाला नावे ठेवू नका. पाण्याचा थर फोडण्यासाठी ओल्या धावपट्टीवर मुद्दामच ठामपणे टेकवतात. आणि टेकता टेकता विमान पुन्हा वर उचलले गेले, तर पट्टा बांधून स्वस्थ बसा. उशीर होईल, एवढेच.