वेळ असल्यास स्वामीमलै

आमच्या पहिल्या सहलीच्या छापील कागदावर चौथ्या दिवसापुढे एक ओळ होती : 'कुंभकोणम, नवग्रह दर्शन (9 मंदिरं), स्वामीमलै (वेळ असल्यास).' वेळ नव्हता. पहाटे पाचला बस निघाली. साडेबाराच्या सुमाराला पाचव्या देवळापुढे उतरलो, तर पुजारी कुलूप लावून किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचत होता. पुढचे साडेतीन तास आम्ही बावीस जण बसमध्ये लाडू-चिवड्याचे डबे एकमेकांकडे सरकवत बसलो. चारला दार उघडलं आणि उरलेले चार ग्रह आम्ही अंधारात, धावत, चपला हातात घेऊन उरकले. दुसऱ्या दिवशी तंजावरच्या वाटेवर गाइडने खिडकीबाहेर बोट केलं, "त्या बाजूला स्वामीमलै." आम्ही माना वळवल्या. नारळीची झाडं दिसली.

दोष सगळा सहल आखणाऱ्याचा, असं म्हणवत नाही. पैसे भरताना आम्ही एवढंच विचारलं होतं, "नऊच्या नऊ होतात ना?"

तीन वर्षांनी ताई आणि मी दोघंच पुन्हा गेलो. कुंभकोणमला एकाच खोलीत चार रात्री राहिलो. तेव्हापासून या भागात जाणारे ओळखीचे लोक फोन करतात आणि त्यांच्या बोलण्यात तेच ते समज ऐकू येतात. त्यांतले काही इथे घेतो.

"नवग्रह एका दिवसात करायचे असतात."

असा काही नेम नाही. मुळात प्रत्येक ग्रहाचा वार वेगळा. शनीसाठी तिरुनळ्ळारला गर्दी शनिवारी, गुरूसाठी आलंगुडीला गुरुवारी. तिरुनागेश्वरमला राहूचा दुधाचा अभिषेक राहुकाळात करतात. राहुकाळ रोज वेगळ्या वेळी येतो, रविवारी तो संध्याकाळी साडेचार ते सहा धरतात. म्हणजे ज्याला हे सगळं 'यथासांग' करायचंय त्याला एक दिवस पुरणं पंचांगाच्याच हिशेबाने अशक्य. एका दिवसाची फेरी ही वाहनाची सोय आहे. आता तमिळनाडूच्या सरकारी बससुद्धा कुंभकोणमहून अशी फेरी करतात, स्वस्तात करतात आणि ज्याच्याकडे खरंच एकच दिवस आहे त्याला ती उपयोगी आहे. फक्त तिला शास्त्र म्हणू नये.

आता भूगोल बघा. चंद्राचं तिंगळूर पश्चिमेला, तिरुवैयारूकडे. केतूचं कीळपेरुंपळ्ळम पूर्वेला, समुद्राच्या जवळ. तिरुनळ्ळार तर तमिळनाडूतही नाही, ते पुदुच्चेरीच्या कारैक्काल भागात आहे. फेरी दोनशे किलोमीटरच्या वर जाते, रस्ते भातखाचरांमधून आणि गावांच्या बाजारातून. त्यात देवळं साधारण सकाळी सहा ते बारा-साडेबारा आणि संध्याकाळी चार ते आठ-साडेआठ उघडी. गणित कुणीही करावं.

आणखी एक गंमत. या नऊ ठिकाणांना आपण 'ग्रहांची देवळं' म्हणतो, पण सूर्यनारकोविल सोडलं तर बाकी आठही शिवमंदिरं आहेत. तिरुनळ्ळारचा मुख्य देव शनी नाही, दर्भारण्येश्वर. वैत्तीश्वरन कोविलमध्ये मंगळ बाजूला, मुख्य वैद्यनाथ. आलंगुडीला लोक ज्याला गुरू म्हणून पिवळं वस्त्र वाहतात तो दक्षिणामूर्ती, म्हणजे शिवाचंच रूप. आमच्या पहिल्या फेरीत आम्ही बहुतेक ठिकाणी घरधन्याला न भेटताच भाडेकरूला नमस्कार करून निघालो होतो.

"दुपार फुकट जाते."

हा समज सगळ्यात चिवट. तीन-साडेतीन तास देऊळ बंद म्हणजे तेवढ्या वेळाचे पैसे बुडाले, असं आपल्याला वाटतं. ही सवय आपण दुसरीकडून आणली आहे. खोपोलीजवळ 2013 साली इमॅजिका सुरू झालं तेव्हा आमच्या कॉलनीतली मंडळी सकाळी दहापासून दार बंद होईपर्यंत आत होती, कारण तिकीट दिवसाचं. पैसा वसूल करायचा तर एकही पाळणा सोडायचा नाही! संध्याकाळी पोरं रडत होती आणि आया त्यांच्यावर ओरडत होत्या.

पण अशा उद्यानांतही पुन:पुन्हा जाणारे वेगळं वागतात. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याच्या घरचे ऑर्लंडोच्या डिस्नीला तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांचा क्रम ठरला होता : दार उघडताना आत, गर्दी आणि ऊन वाढलं की हॉटेलवर परत, मुलांनी पोहायचं, झोपायचं आणि उन्हं कलल्यावर पुन्हा आत. जे राहील ते राहील. भाच्याला हे शहाणपण यायला दोन सहली आणि भरपूर डॉलर लागले. दक्षिणेतली देवळं तीच गोष्ट दारं लावून घेऊन फुकटात शिकवतात. देवाची वामकुक्षी आहे, तूही जा, जेव, झोप.

दुसऱ्या खेपेला आम्ही सकाळी एक देऊळ, संध्याकाळी एक, असं धरलं. मध्ये केळीच्या पानावर जेवण, मग खोलीवर पंखा. उठल्यावर पितळी डबऱ्यात खालीवर करून फेसाळलेली 'डिग्री कॉफी'. एका दुपारी झोप येईना म्हणून सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरून हिंडत होतो, तर श्रीनिवास रामानुजन यांचं घर लागलं. ते आता जपून ठेवलं आहे. रस्त्याकडेच्या खिडकीशी एक खाट. गणितातलं मला ओ की ठो कळत नाही, पण ती खाट एवढी लहान, खोली एवढी अरुंद, की मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. कुठल्याही छापील कागदावर हे घर नव्हतं.

"मलै म्हणजे डोंगर. म्हाताऱ्या माणसांना चढवणार नाही."

मलै म्हणजे डोंगर हे खरं. पण कावेरीच्या सपाट खोऱ्यात डोंगर येणार कुठून? स्वामीमलैचा 'डोंगर' हा बांधून उंच केलेला चौथरा आहे आणि पायऱ्या आहेत 60. कुंभकोणमपासून ते दहा किलोमीटरच्या आत आहे, तंजावर-कुंभकोणम मार्गावर त्याचं स्वतःचं रेल्वे स्टेशनही आहे. मुरुगनच्या सहा मुख्य स्थानांपैकी हे एक. पळनी, तिरुच्चेंदूर, तिरुत्तणी, तिरुप्परंकुंड्रम, पळमुदिरचोलै ही बाकीची पाच. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय, पण आपल्याकडे त्याच्या दर्शनाला बायका जायला कचरतात तसं इथे काही नाही. बायका, मुली, कडेवरची बाळं, सगळे वर जातात.

कथा अशी की ओंकाराचा अर्थ ब्रह्मदेवाला सांगता आला नाही, तो या पोराने सांगितला आणि तोही प्रत्यक्ष बापाला, शिष्य करून. म्हणून तो स्वामिनाथ, स्वामीचाही नाथ. देवळाची रचनाही तशीच आहे : सुंदरेश्वर आणि मीनाक्षी, म्हणजे आई-वडील, खाली आणि मुलगा वर. घाईत येणारे थेट पायऱ्यांना लागतात. जाणकार आधी खाली आई-वडिलांना भेटतात. वर गेल्यावर देवासमोर मोर शोधू नका, इथे हत्ती आहे. तो इंद्राने दिला, असं सांगतात.

या 60 पायऱ्यांना 60 संवत्सरांची नावं आहेत. गुढीपाडव्याला पंचांगवाचनात ऐकतो तीच ही नावं : प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद. तमिळ वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होतं आणि आपलं पाडव्याला, एवढा काही दिवसांचा फरक सोडला तर चक्र एकच. 2025 साली पाडव्याला आपल्याकडे विश्वावसु लागलं, तिकडेही तेच. तमिळ अक्षरं वाचता येत नसतील तरी हरकत नाही. पाडव्यानंतर जन्मलेल्याने आपल्या इसवी सनातून 1926 वजा करावेत, 1987 किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर 1986. उरेल ती आपली पायरी. 2000 साली जन्मलेल्याची चौदावी, विक्रम.

"मूर्ती साच्यातून निघतात. एक साचा, शंभर मूर्ती."

बसमधले लोक स्वामीमलैला उतरलेच तर देवळाच्या रस्त्यावरच्या दुकानात दहा मिनिटं नटराजाची किंमत विचारतात, 'साच्यातलाच तर आहे' म्हणून निम्म्याला मागतात आणि चढतात. दुकानामागे जिथे काम चालतं तिथे गेलं, की हे बोलायची लाज वाटते.

इथले स्थपती आधी मेणाची मूर्ती करतात. मधमाश्यांचं मेण, राळ आणि शेंगदाण्याचं तेल एकत्र वितळवून त्याचा गोळा. बोटं, कोरणी आणि शेजारी पाण्याचं भांडं. मापाला फूटपट्टी नाही. नारळाच्या झावळीची एक पात मूर्तीच्या उंचीएवढी कापतात आणि तिला घड्या घालतात. चेहऱ्याला एवढ्या घड्या, छातीला एवढ्या, गुडघ्यापर्यंत एवढ्या. तिला ओडिओलै म्हणतात. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, पात तेवढी बदलते, प्रमाण तेच राहतं. मी एका स्थपतीला पात उलगडताना पाहिलं. घड्यांच्या रेघांवर अंगठ्याचं नख फिरवत तो मेणाच्या गुडघ्याशी जुळवत होता, शिंपी कापडाला खुणा करतो तसा.

मग कावेरीच्या गाळाच्या मातीचा पातळ लेप. ही माती इतकी मऊ की मेणावरची नखभर नक्षीही तिच्यात उमटते. हा लेप सावलीत वाळवायचा. उन्हात ठेवला तर तडकतो. त्यावर जाड मातीचे थर, मोठी मूर्ती असेल तर लोखंडी तारा. सगळं सुकलं की भाजायचं, मेण वितळून भोकातून बाहेर येतं आणि आत मूर्तीएवढी पोकळी राहते. तिच्यात वितळलेला धातू ओतायचा. थंड झाल्यावर साचा फोडायचा. फोडल्याशिवाय मूर्ती निघतच नाही, म्हणून एका साच्यातून दुसरी नाही. पुढे छिन्नी आणि कानस घेऊन काम चालतं, त्यात आठवडे जातात, मोठ्या मूर्तीला महिने. इथल्या मूर्ती भरीव असतात, उचलून बघितल्यावर कळतं. डोळे शेवटी उघडतात.

पंचधातू म्हणजे पाचही धातू सारखे, हाही एक समज. मूर्तीत मुख्य असतं तांबं, मग पितळ आणि थोडं शिसं. सोनं-चांदी नावापुरती, बरेचदा मूर्ती करवून घेणारा स्वतःच्या हाताने टाकतो तेवढी.

सप्टेंबर 2023 मध्ये जी-20 परिषदेसाठी दिल्लीच्या भारत मंडपमपुढे उभा राहिलेला 27 फुटी, सुमारे 18 टनांचा अष्टधातूचा नटराज स्वामीमलैच्याच राधाकृष्ण स्थपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्याला सात महिने लागले आणि एवढ्या लवकर झाला याचंच कौतुक झालं.

आम्ही पाहिला तो मातीचा गोळा ओला होता. "कधी ओतणार?" मी त्या स्थपतीला खुणेने विचारलं. त्याने आधी आभाळाकडे पाहिलं, मग गोळ्याला हात लावला आणि चार बोटं दाखवली. चार दिवस की चार आठवडे, ते मला अजून कळलेलं नाही.

"मे महिन्याची सुट्टी बरी, कावेरीत स्नानही होईल."

कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी खोऱ्यातल्या भातासाठी सोडण्याची ठरलेली तारीख 12 जून. मे महिन्यात बरेचदा वाळू बघायला मिळते.

"तिथे आपलं काय आहे?"

हे मराठी माणसाने म्हणावं याचं नवल वाटतं. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तंजावर भोसल्यांकडे होतं. बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर भोसले घराण्याचा मोठा इतिहास 1803 साली मराठीत कोरला आहे. बस तिथे तासभर थांबते, तो सावलीत उभं राहून कळसाचे फोटो काढण्यात जातो. सरफोजीराजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. कुंभकोणमच्या बाजूलाच मरुदानल्लूर आहे. तिथल्या सद्गुरुस्वामींनी घडवलेल्या भजनपद्धतीत आजही तमिळ माणसं मराठी अभंग म्हणतात, तुकोबा-नामदेवांचे, आपापल्या उच्चारात. आणि सूर्यनारकोविलकडे जाणारी बस गोविंदपुरमच्या जवळून जाते. तिथे विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं देऊळ आहे. पहिल्या खेपेला आमच्या बसमधल्या बावीसपैकी किमान सहा जण वारकरी घरातले होते. कुणालाही पत्ता नव्हता.

"संथ प्रवास म्हणजे कमी पाहणं."

हे मात्र खरं आहे. चार दिवसांत आम्ही नवग्रहांपैकी तीनच केले. कुंभकोणमजवळच्या दारासुरमला तर देवळाची एक बाजू बघण्यातच सकाळ गेली. तिथल्या जोत्यावर नायन्मार संतांच्या गोष्टींची वीतभर उंचीची शिल्पं आहेत, ती वाकून बघावी लागतात. पोटात थोडं खुपतं. परतल्यावर शेजारचे विचारतात, "शनी नाही केला?" नाही केला.

शेवटच्या संध्याकाळी साडेपाचला आम्ही स्वामीमलैच्या पायऱ्या चढायला लागलो. ताईचा जन्म 1958 सालच्या नोव्हेंबरचा, गुडघे त्याहून जुने. मी पायऱ्या मोजत होतो, ती कठड्याला धरून एकेक पाऊल टाकत होती. निम्म्याच्या पुढे आल्यावर ती बाजूला बसली.

"दमलीस का ताई?"

"नाही रे. तू मोज तुझं."

मोजलं होतं. बत्तिसावी होती, तिचीच. पंचांगात त्या संवत्सराचं नाव विलंबी.