मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील अपघात व प्रवासाची सुरक्षितता

मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर प्रवाशांची व लोहमार्गावर आलेल्या व्यक्तींची होणारी जीवितहानी, तिची कारणे आणि निवारणाचे उपाय यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. रेल्वे अपघात या संज्ञेने सामान्यतः गाड्यांची टक्कर, डबे रुळांवरून घसरणे किंवा गाडीस आग लागणे अशा घटनांचा बोध होतो. मुंबईच्या उपनगरांत अशा घटना विरळ आहेत. तेथील बहुतेक मृत्यू गाडी सुस्थितीत व संकेतांनुसार धावत असताना घडतात. त्यामुळे तेथील प्रवास कितपत सुरक्षित आहे, या प्रश्नाचे उत्तर अपघात कशाला म्हणावयाचे यावर बव्हंशी अवलंबून राहते. [→ रेल्वे]

पार्श्वभूमी : भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सु. ३४ किमी. मार्गावर धावली. घाटकोपर व मुलुंड ही उपनगरे याच मार्गावर वाढली. अंधेरी व बोरिवली ज्या पश्चिम मार्गावर आहेत, तेथे १८६७ मध्ये विरारपासून मुंबईपर्यंत वाहतूक सुरू झाली. पुढे १९२५ मध्ये कुर्ल्यापर्यंत आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेवरील गाड्या धावू लागल्या. नोकरीची ठिकाणे दीर्घकाळ दक्षिणेस राहिली आणि वस्ती मात्र उत्तरेकडे सरकत गेली. त्यामुळे सकाळी एका दिशेने व सायंकाळी दुसऱ्या दिशेने असा गर्दीचा लोंढा हे या वाहतुकीचे लक्षण बनले. सध्या दररोज सु. ३,००० फेऱ्यांमधून सु. ७५ लाख प्रवासी प्रवास करतात. ऐन गर्दीच्या वेळी डब्यातील उभ्या जागेत दर चौ. मी.स १४ ते १६ माणसे दाटलेली असतात.

संज्ञा व आकडेवारी : भारतीय रेल्वे ज्यांची परिणामकारक गाडी-अपघात म्हणून नोंद करते, त्यांत टक्कर, घसरणे, आग, फाटकावरील अपघात इ. प्रकार येतात. संपूर्ण देशात २०००-०१ मध्ये त्यांची संख्या ४७३ होती, ती २०२३-२४ मध्ये ४० वर आली. रुळांचे नूतनीकरण, सुधारित संकेतयंत्रणा व रखवालदार नसलेली फाटके काढून टाकणे यांचा हा परिणाम होय. मात्र रूळ ओलांडताना किंवा डब्यातून पडून मृत्यू पावलेल्या व्यक्तींचा समावेश या संख्येत होत नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे रेल्वेने मांडलेल्या माहितीनुसार २००५ पासून जुलै २०२४ पर्यंत उपनगरी मार्गांवर ५१,८०२ व्यक्ती मरण पावल्या. त्यांपैकी २२,४८१ पश्चिम व २९,३२१ मध्य रेल्वेवरील होत्या. अलीकडील वर्षांत ही संख्या घटली असली, तरी २०२३ व २०२४ या वर्षांत ती प्रत्येकी सु. अडीच हजार होती. त्यांत सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा असून गाडीतून पडून होणारे मृत्यू पाचशे ते सहाशेच्या दरम्यान आहेत. उरलेल्यांत आजारपण, आत्महत्या आदी कारणे येतात.

रूळ ओलांडणे : लोहमार्गाने प्रत्येक उपनगराचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले आहेत. घर एका बाजूस आणि बाजार, शाळा वा रिक्षाथांबा दुसऱ्या बाजूस असल्यास पादचारी पुलापर्यंतचा वळसा व जिना टाळण्याकडे कल होतो. समांतर मार्ग चार किंवा अधिक असल्याने एका गाडीकडे लक्ष असताना दुसऱ्या मार्गावरील गाडी ध्यानात येत नाही. दृष्टिभ्रमाचाही यात भाग आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ मध्ये दाखविल्याप्रमाणे मोठ्या आकाराची वस्तू तितक्याच वेगाच्या लहान वस्तूपेक्षा सावकाश येत असल्याचा भास होतो. त्यामुळे रोज रूळ ओलांडणाऱ्या अनुभवी माणसाचा अंदाजही चुकू शकतो. रेल्वे अधिनियम, १९८९ अन्वये हे कृत्य दंडनीय आहे. तथापि अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ मध्ये अशा मृत्यूंची देशातील वार्षिक संख्या सु. १५,००० असल्याचे नमूद करून, कृत्य बेकायदेशीर आहे एवढ्यावरून त्यांकडे दुर्लक्ष करता येणार नाही, अशी भूमिका घेतली.

गाडीतून पडणे व फलाटावरील अपघात : साध्या उपनगरी गाडीचे दरवाजे धावताना उघडेच असतात. फलाटावर गाडी अर्ध्या मिनिटाच्या आसपासच थांबत असल्याने उतरू पाहणारा प्रवासी आधीच दाराशी येतो आणि आत शिरू न शकलेला दारात लोंबकळतो. वळणावर गाडी कलते व शेजारच्या मार्गावरील गाडीपासूनचे अंतर कमी होते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असताना दारातील प्रवासी खाली पडून जीवितहानी झाली, तीत दोन्ही गाड्यांत कोणताही बिघाड झालेला नव्हता. फलाट व डबा यांमधील फटही घातक ठरते. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर येथे अशा फटीत पडून एका विद्यार्थिनीने दोन्ही हात गमावले. त्यानंतर उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली फलाटांची उंची सु. ९०० ते ९२० मिमी.पर्यंत वाढविण्याचे काम वेगाने झाले.

घबराट व बांधकामे : ऑक्टोबर १९९३ मध्ये कांदिवली–बोरिवली दरम्यान महिलांच्या विशेष गाडीत आग लागल्याची अफवा पसरली. रुळांवर उड्या टाकलेल्या स्त्रिया दुसऱ्या गाडीखाली सापडून सु. ४९ जणी मरण पावल्या. गाडीत आग नव्हतीच. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जण दगावले. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीतील गोखले पुलाचा पदपथ रुळांवर कोसळला. येणाऱ्या गाडीच्या मोटरमनने वेळीच गाडी थांबविल्याने मोठी हानी टळली. [१९९३ प्रमाणेच २०१७ च्या दुर्घटनेतही गाडीचा दोष नव्हता, धोका गर्दीत व तिला पुरेशा नसलेल्या जागेत होता.]

उपाययोजना : मोटरमनने लाल संकेत ओलांडल्यास गाडी आपोआप थांबविणारी साहाय्यक इशारा यंत्रणा या मार्गांवर पूर्वीपासून आहे व टकरी विरळ असण्याचे ते एक कारण होय. इतर मृत्यू रोखण्यासाठी मार्गांमधील कुंपणे, रुंद पादचारी पूल व सरकते जिने उभारले जात आहेत. वडाळा येथे २००९-१० मध्ये काही शिळा पिवळ्या रंगविणे, गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या मुद्रेचे फलक लावणे व तुटक शिट्टी वाजविणे असे अल्पखर्चाचे प्रयोग करण्यात आले. अंधेरी–घाटकोपर जोडणारी मेट्रो (२०१४) बंद दरवाजांची आहे. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवली–चर्चगेट मार्गावर स्वयंचलित दरवाजांची पहिली वातानुकूलित उपनगरी गाडी धावली. मात्र दरवाजे बंद करावयाचे, तर वायुवीजन व वाढीव फेऱ्या यांची सोय आधी करावी लागते. अन्यथा दारातील गर्दी फलाटावर साचते.

नुकसानभरपाई : १९९४ पासून गाडीतून अपघाताने पडणे ही कायद्याने ‘अनिष्ट घटना’ मानली जाते. दोष कोणाचा हे न पाहता तीत भरपाई मिळते. मृत्यूबद्दलची रक्कम २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. चढता-उतरताना प्रवाशाचा केवळ निष्काळजीपणा झाला म्हणून ती नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. रूळ ओलांडणाऱ्यास मात्र हा हक्क नाही.

मूल्यमापन : वर्षातील प्रवासांची संख्या अडीच अब्जांहून अधिक असल्याने गाडीतून पडून मृत्यू येण्याचे प्रमाण सु. पन्नास लाख प्रवासांमागे एक इतके अल्प भरते. परंतु उपनगरातील नोकरदार वर्षाला सु. सहाशे, म्हणजे तीस वर्षांत सु. अठरा हजार प्रवास करतो. त्या हिशेबाने हा धोका सु. तीनशे प्रवाशांत एकास इतका होतो. दारात उभ्या राहणाऱ्यांच्या बाबतीत तो याहून अधिकच असणार. एका प्रवासापुरती सुरक्षित असलेली ही वाहतूक आयुष्यभराच्या प्रवाशासाठी तितकी सुरक्षित राहत नाही. म्हणून गाड्यांच्या अपघातांबरोबरच गाड्यांखाली व गाड्यांतून पडून होणारे मृत्यूही सुरक्षिततेच्या हिशेबात धरणे आवश्यक ठरते.